बंड्या, बाबा आणि तिसरा मजला

आमच्या घरात थायरॉईडच्या गोळ्या खाणारे दोघं आहेत. मी रोज सकाळी उपाशीपोटी ५० मायक्रोग्रॅमची एक गोळी घेते. बंड्या दिवसातून दोनदा, दर वेळी ५०० मायक्रोग्रॅम घेतो. बंड्या आमचा लॅब्रेडोर. वय दहा पूर्ण, वजन असायला हवं त्यापेक्षा बरंच जास्त. गोखले रोडवरच्या मेडिकलवाल्याने पहिल्यांदा ती चिठ्ठी पाहिली तेव्हा चष्मा कपाळावर सरकवून तो म्हणाला, "ताई, डॉक्टरांनी एक शून्य जास्त टाकलंय. फोन लावा त्यांना." मी म्हटलं, पेशंट कुत्रा आहे. तो म्हणाला, "मग तर दोन शून्यं जास्त आहेत."

त्याचं चुकलं नव्हतं, हिशेब तसा उलटाच वाटतो. पण कुत्र्याच्या आतड्यात ही गोळी फार थोडी शोषली जाते, आणि शोषलेलीही त्याचं शरीर भराभर काढून टाकतं. माझ्या रक्तातलं थायरॉक्सिन, म्हणजे गोळीतलं हॉर्मोन, निम्म्यावर यायला आठवडा लागतो, बंड्याच्या रक्तात अर्धा दिवस पुरतो. म्हणून किलोमागे त्याचा डोस माणसाच्या कितीतरी पट. हे मेडिकलवाल्याला समजावून सांगेपर्यंत मागे रांग लागली होती आणि रांगेतल्या एका काकांना आपल्या बायकोचा डोस बरोबर आहे ना अशी शंका येऊ लागली होती.

गोळ्यांपर्यंत यायला वर्ष गेलं. आधी बंड्याने बेल वाजल्यावर उठणं सोडलं. मग शेपटीचे केस विरळ झाले. चेहऱ्याची कातडी जाड होऊन खाली ओघळल्यासारखी दिसायला लागली, त्यामुळे तो कायम कुणाच्या तरी तेराव्याला आल्यासारखा दिसे. बिल्डिंगमधल्या सगळ्यांचं निदान एकच, वय झालं त्याचं. दहा वर्षांच्या लॅब्रेडोरबद्दल हे वाक्य कुणीही बोलू शकतं आणि ते खोटंही नसतं, म्हणूनच ते धोकादायक असतं. आमच्या व्हेट मॅडमनी मात्र रक्त घेतलं, आणि नुसतं टी-फोर, म्हणजे रक्तातलं एकूण थायरॉक्सिन, बघून थांबल्या नाहीत. तो आकडा वयाबरोबर आपोआप उतरतो, दुसरा कुठलाही आजार असला तरी उतरतो, स्टेरॉइडने उतरतो, फिटच्या औषधाने उतरतो. ग्रेहाउंडसारख्या शिकारी जातींमध्ये तर धडधाकट कुत्र्याचाही कमीच असतो. त्यांनी फ्री टी-फोर (रक्तात मोकळं फिरणारं थायरॉक्सिन) आणि टीएसएच (थायरॉईडला कामाला लावणारं हॉर्मोन) दोन्ही मागवले, मग चिठ्ठी लिहिली. एका आकड्यावर आयुष्यभराची गोळी सुरू करणारे डॉक्टर मला आवडत नाहीत, मग ते माणसांचे असोत की कुत्र्यांचे.

दुसऱ्या आठवड्यात बंड्या बेल वाजल्यावर उठला. केसांना बरेच महिने लागले, पण उठणं पंधरवड्यात आलं. आणि मग जिन्याचा प्रश्न उभा राहिला.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जुनी इमारत, लाकडी जिना, लिफ्ट नाही. रिडेव्हलपमेंट होणार आहे असं माझं लग्न झालं तेव्हापासून ऐकतेय. सुस्तावलेल्या काळात बंड्या दिवसातून दोनदा कसाबसा खाली जायचा, प्रत्येक मजल्याच्या चौकात बसायचा, आणि आम्ही त्याच्याबरोबर बसायचो. आता तो पट्टा दिसला की दार खरवडायला लागला. एका संध्याकाळी वर येताना त्याने दुसऱ्या मजल्यावरून तरुणपणी घ्यायचा तशी झेप घेतली, आणि मागचा उजवा पाय सुटला. तो पडला नाही, मी पट्टा धरला होता, पण दोन दिवस पाय टेकवला नाही. एक्स-रेत खुब्याच्या सांध्याची झीज दिसली. ती काही त्या संध्याकाळी झालेली नव्हती, बऱ्याच वर्षांची होती. हलतच नव्हता म्हणून दुखत नव्हतं, आणि दुखत नव्हतं म्हणून आम्हाला दिसलं नव्हतं.

व्हेट मॅडम म्हणाल्या, "गोळीने त्याला उठावंसं वाटायला लागलंय. सांधे मात्र तेच आहेत. आता त्याला आवरणं तुमचं काम."

'उठावंसं वाटणं' हे त्यांनी सहज म्हटलं, पण मी तिथेच अडकले. कारण हे वाटणं मी पूर्वी मोजलं होतं, तेही पगार घेऊन.

पदवीनंतर काही वर्षं मी परळच्या एका संशोधन संस्थेच्या प्राणीगृहात नोकरी केली. परळ हा मुंबईत प्राण्यांचा जुना इलाखा. १८८६ साली सुरू झालेलं पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथलं, त्याच्याच आवारातलं बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय तिथलं. त्या रुग्णालयाला आजही जुने लोक बैलघोडा हॉस्पिटल म्हणतात आणि टॅक्सीवाल्याला तेच नाव चटकन कळतं. ज्या शहराची ट्राम एकेकाळी घोडे ओढायचे आणि माल बैल वाहायचे, त्या शहराला असं हॉस्पिटल लागणारच होतं. आमच्याकडे बैल-घोडे नव्हते, उंदीर होते. पांढरे, लाल डोळ्यांचे, पिंजऱ्यात एक फिरतं चाक आणि चाकाला आकडे मोजणारं यंत्र. उंदीर रात्री धावतो. सकाळी मी पोचायचे तेव्हा सगळे ढिगाने झोपलेले असायचे आणि माझं काम रात्रभराचे फेरे वहीत उतरवण्याचं. छोटा उंदीरही एका रात्रीत परळहून माहीम ओलांडून वांद्र्याला पोचेल इतकं अंतर सहज धावतो, पिंजऱ्याबाहेर एक पाऊल न टाकता.

माद्यांच्या आकड्यांत मला लवकरच एक लय दिसली. तीन दिवस साधारण, चौथ्या-पाचव्या दिवशी उसळी. मी ते मोठ्या उत्साहाने वरिष्ठांना सांगितलं, त्यांनी शांतपणे एका जुन्या संशोधनाचं नाव सांगितलं. वँग नावाच्या चिनी संशोधकाने हे १९२३ सालीच छापलं होतं. तो अमेरिकेत, बाल्टिमोरला, कर्ट रिक्टर यांच्या बरोबरीने काम करत होता. मादीच्या अंडाशयातून इस्ट्रोजेनची लाट येते त्या रात्री ती सर्वात जास्त धावते. अंडाशय काढले की उसळी नाहीशी, इस्ट्रोजेन टोचलं की परत हजर. नराचंही तसंच. वृषण काढलेला नर चाकाकडे फारसा फिरकत नाही, टेस्टोस्टेरॉन दिलं की पुन्हा धावायला लागतो.

यातला माझा सर्वात आवडता भाग १९७५ सालचा आहे. रॉय आणि वेड या दोघांनी वृषण काढलेल्या नरांना वेगवेगळी हॉर्मोन देऊन पाहिली. ज्या पुरुषी हॉर्मोनचं शरीरात इस्ट्रोजेन होऊ शकत नाही, त्याने नर धावेचना. इस्ट्रोजेन थेट दिलं तर टेस्टोस्टेरॉनपेक्षा किती तरी कमी मात्रेत धावला. म्हणजे नराला चाकावर चढवण्यात मोठा वाटा आहे तो त्याच्याच शरीरात टेस्टोस्टेरॉनपासून बनलेल्या इस्ट्रोजेनचा. लोकलच्या डब्यात खिडकीच्या वर चिकटवलेल्या 'मर्दानी ताकद'वाल्या जाहिराती वाचताना मला हे हमखास आठवतं आणि एकटीच हसू येतं. समोरच्या बाईला वाटतं मी जाहिरातीला हसतेय. तेही खरंच म्हणा.

पुढे २०१८ मध्ये बेल्जियममधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की टेस्टोस्टेरॉनचा हा परिणाम मेंदूतल्या डोपामिन या रसायनाच्या वाटेने होतो. धावण्यात गोडी वाटते ती तिथे. म्हणजे हॉर्मोन मेंदूला सांगतं की चल, मजा येईल. पाय किती टिकतील हे तिथे कुणी विचारत नाही.

पिंजऱ्यातला प्राणी दुसरं करणार काय, म्हणून चाक फिरवतो, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मग २०१४ साली नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या योहाना मेयर आणि यूरी रॉबर्स यांनी चाकं चक्क उघड्यावर, झाडोऱ्यात ठेवली आणि कॅमेरे लावले. रानउंदीर येऊन धावले. कुणी पकडलेलं नाही, कोंडलेलं नाही, तरी आले, धावले, गेले, पुन्हा आले. चाकावर बेडूक सापडले, गोगलगायीची बिनशंखाची बहीणसुद्धा सापडली. तिने ते मजेसाठी केलं असेल असं मी म्हणणार नाही. पण उंदरांच्या बाबतीत शंका उरली नाही.

म्हातारे उंदीर कमी धावतात, हे तर शंभर वर्षांहून जुनं ज्ञान. स्टॅनफर्डच्या स्लोनेकर यांनी पांढरे उंदीर लहानपणापासून नैसर्गिक मरणापर्यंत फिरत्या पिंजऱ्यात ठेवून त्यांची हालचाल मोजली, १९१२ साली छापली. तरुणपणी शिखर, मग लांब उतार. आमच्या वहीतही तोच उतार होता. एक जख्ख नर होता, तो चाकात जाऊन नुसता बसायचा. चाकाच्या तळाशी, न फिरवता. यंत्र शून्य दाखवायचं आणि मी शून्य लिहायचे. पण तो पिंजऱ्याच्या इतर कोपऱ्यांत न बसता तिथेच का बसायचा, याला वहीत रकाना नव्हता.

मला तेव्हा वाटायचं, याला टेस्टोस्टेरॉनचे दोन थेंब टोचले तर? विचार माझाच नव्हता, फार जुना होता. शेतकऱ्याला तर हॉर्मोन हा शब्द जन्माला येण्याआधी हजारो वर्षं माहीत होतं की गोऱ्हा आणि बैल यांच्यात नेमकं काय काढल्याने फरक पडतो. शास्त्राने ते १८४९ मध्ये प्रयोगाने दाखवलं. जर्मनीतल्या गॉटिंगनच्या बर्टहोल्ड यांनी सहा कोंबड्यांचे वृषण काढले. ज्यांच्या पोटात वृषण परत बसवला त्यांचा तुरा लाल राहिला, आरवणं राहिलं, भांडणं राहिली. बाकीचे मऊ, थंड झाले. रक्तातून काहीतरी जातं, एवढं त्यातून कळलं.

आणि मग चाळीस वर्षांनी पॅरिसमध्ये तो प्रसिद्ध म्हातारा उभा राहिला. शार्ल एदुआर ब्राऊन-सेकार, वय ७२, मज्जासंस्थेचा नावाजलेला संशोधक. १ जून १८८९ रोजी भरसभेत त्याने सांगितलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणाचा अर्क मी स्वतःला टोचून घेतलाय. पुराव्यादाखल त्याने दिलेली यादी वाचण्यासारखी आहे. हाताची पकड वाढली, ती यंत्रावर मोजली. लघवीची धार लांब गेली, तीही मोजली. प्रयोगशाळेत तासन्‌तास उभा राहू लागलो. आणि जिने जवळजवळ धावत चढू-उतरू लागलो. प्रत्यक्षात त्या अर्कात जवळपास काहीच नव्हतं. वृषण टेस्टोस्टेरॉन साठवून ठेवत नाही आणि ते पाण्यात फारसं विरघळतही नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या काहींनी त्याच पद्धतीने अर्क करून मोजला, तर परिणाम होण्याइतकी मात्राच निघाली नाही. शुद्ध टेस्टोस्टेरॉन वेगळं काढायला १९३५ उजाडलं. मधल्या काळात व्होरोनॉफसारख्यांनी श्रीमंतांना माकडाच्या ग्रंथींचे तुकडे बसवून भरपूर पैसे केले, त्याबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. ब्राऊन-सेकारबद्दल मात्र मला माया आहे. त्याने फसवलं नाही, त्याला खरोखर बरं वाटलं होतं. तो खरोखर जिना चढला असणार. पाण्यासारख्या अर्कावर.

हे सगळं मी रात्री जेवताना सांगत होते तेव्हा बाबांनी विचारलं, "आणि पुढे?" पुढे पाच वर्षं पुरी व्हायच्या आत तो वारला, मी म्हटलं. बाबा म्हणाले, "म्हणजे सत्त्याहत्तरावं चालू. ठीक आहे."

बाबा शहात्तरचे आहेत. रोज सकाळी शिवाजी पार्कला दोन फेऱ्या, मग कट्टा. कट्ट्यावर राजकारण आणि औषधं हे दोनच विषय, आणि राजकारणात भांडण होतं म्हणून अलीकडे औषधंच जास्त. एका काकांच्या मुलाने अमेरिकेहून डीएचईएच्या बाटल्या आणल्या होत्या. तिकडे हे हॉर्मोन दुकानात व्हिटॅमिनच्या शेजारी मांडलेलं असतं. वयाबरोबर ते रक्तात कमी होत जातं हे खरं, म्हणून भरून काढा हा युक्तिवाद ऐकायला सरळ. तिकडच्याच मेयो क्लिनिक या मोठ्या हॉस्पिटलच्या संशोधकांनी वयस्कर स्त्री-पुरुषांना ते दोन वर्षं देऊन पाहिलं, २००६ मध्ये निकाल छापला. रक्तातला आकडा वर गेला. ताकद, चरबी, जगण्याचा दर्जा, कशातही सांगण्यासारखा फरक नाही. काकांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, मला फरक वाटतोय. ब्राऊन-सेकारलाही वाटलाच होता, पण हे मी काकांना म्हटलं नाही. बाबांचे मित्र आहेत.

टेस्टोस्टेरॉनची गोष्ट जास्त गुंतागुंतीची. ज्यांच्या शरीरात ते खरोखर बनत नाही, आजाराने किंवा शस्त्रक्रियेने, त्यांना ते द्यायलाच हवं, जसं बंड्याला आणि मला थायरॉक्सिन. पण नुसत्या वयाने उतरलेलं? अमेरिकेत ६५ वर्षांपुढच्या, टेस्टोस्टेरॉन कमी असलेल्या ७९० पुरुषांवर वर्षभराची चाचणी झाली, २०१६ मध्ये निकाल आले. कामेच्छा वाढली, मन थोडं हलकं झालं. सहा मिनिटांत किती चालता येतं ही परीक्षा ज्यांच्यावर मुद्दाम घेतली होती, त्यांच्यात ठाम फरक दिसला नाही. हाडांची घनता मात्र वाढली, आणि सगळ्यांना वाटलं, चला, निदान हाडं तरी.

मग २०२४ साली पाच हजारांवर पुरुषांच्या दुसऱ्या मोठ्या चाचणीतून हाडांचाच निकाल आला आणि तो उलटा होता. तीन वर्षांच्या हिशेबात हाड मोडणाऱ्यांचं प्रमाण टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्यांत ३.५ टक्के, न घेणाऱ्यांत सुमारे २.५. घनता वाढवणारं औषध घेऊन जास्त हाडं मोडली, याचं कारण पक्कं ठाऊक नाही. एक तर्क असा मांडला गेला की औषध घेणारे जास्त हिंडू-फिरू लागले असतील, जास्त धाडस करू लागले असतील, आणि पडले असतील. सिद्ध झालेलं नाही, मी तसा दावा करत नाही. पण ते वाचलं तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर लाकडी जिन्याचा दुसरा मजला आला आणि सुटलेला मागचा उजवा पाय.

बाबांना हे सगळं सविस्तर सांगितलं. सकाळी उपाशीपोटी दोनदा तपासायचं, कारण हा आकडा सकाळी वर असतो आणि दुपारी उतरतो, वगैरे. ते ऐकून घेऊन म्हणाले, "मला पळायचं नाहीये गं. मला दूध आणायला खाली जायचंय, आणि वर यायचंय." मग फिजिओथेरपीच्या मुलीकडे गेले आणि आता खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे व्यायाम करतात. मोजतात मोठ्याने. बंड्या समोर बसून बघतो.

व्यायामाच्या बाजूनेही एक जुनी, प्रामाणिक नोंद आहे आणि ती मला फार आवडते. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या हॉलॉझी यांनी १९८५ मध्ये दाखवलं की चाकावर आपणहून धावणारे उंदीर सरासरीने जास्त जगतात, पण सर्वात दीर्घायुषी उंदराचं वय त्याने पुढे सरकत नाही. व्यायामाने मधेच गळणारे कमी होतात, कमाल मर्यादा तिथेच राहते. व्यायामाची जाहिरात करणारे लोक यातला पहिला अर्धा भाग सांगतात.

ग्रोथ हॉर्मोनकडे वळलं तर डोकंच गरगरतं. १९९० साली रडमन यांनी साठीपुढच्या बारा पुरुषांना ते सहा महिने दिलं. चरबी घटली, मांस वाढलं, आणि त्या एका छोट्या अभ्यासावर तारुण्याच्या इंजेक्शनांचा सगळा धंदा उभा राहिला. नंतरच्या अभ्यासांत मांस वाढूनही ताकद काही वाढली नाही, सूज आणि सांधेदुखी मात्र आली. दुसरीकडे, आंद्रे बार्टके यांच्या प्रयोगशाळेतला सर्वात दीर्घायुषी उंदीर १,८१९ दिवस जगला, पाच वर्षांना आठवडा कमी. उंदराचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षांचं. तो उंदीर असा होता की ग्रोथ हॉर्मोनचा त्याच्या शरीरावर परिणामच होत नव्हता. ठेंगणा, लहानसा, दीर्घायुषी. कुत्र्यांतही हेच. ग्रेट डेन आठ-दहा वर्षांत जातो आणि मुंबईतल्या दर दुसऱ्या सोसायटीत असणारा पामेरियन चौदाव्या वर्षीही लिफ्टमध्ये शिरणाऱ्यावर भुंकतो. लहान-मोठ्या जातींच्या आकारातल्या फरकामागे ग्रोथ हॉर्मोनच्या साखळीतल्याच आयजीएफ-वन नावाच्या दुव्याचा मोठा हात आहे. आता अमेरिकेत मोठ्या कुत्र्यांचं आयुष्य वाढवण्यासाठी हा दुवा कमी करणारं औषध तयार होतंय, २०२३ च्या अखेरीस तिथल्या औषध नियामकांनी त्याला पहिला टप्पा पार करू दिला. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला जे भरून द्यायला निघाले, तेच म्हाताऱ्या कुत्र्यातून काढून घ्यायला निघालेत.

आणि याच्या नेमकं उलट, कॅप्रोमोरेलिन नावाचं ग्रोथ हॉर्मोन वाढवणारं औषध माणसांसाठी, अशक्त वृद्धांसाठी, बनवलं गेलं. चाचणीत थोडा फायदा दिसला, पण पुढे गेलं नाही. शेवटी २०१६ मध्ये ते कुत्र्यांची भूक वाढवायचं औषध म्हणून मंजूर झालं. उंदरावरून माणसावर येणारी औषधं आपण नेहमी ऐकतो. माणसांत अडकून कुत्र्याच्या वाटीत उतरलेलं औषध मला तरी हे एकच माहीत आहे.

आमच्या गल्लीतल्या कुत्र्यांकडे बघितलं की मात्र माझी हॉर्मोनवरची श्रद्धा डळमळते. कानाचं टोक कापलेलं, म्हणजे नसबंदी झालेली, अशी कुत्री इथे बहुसंख्य. वृषण नाही, अंडाशय नाही, वर्षानुवर्षं नाही. पिंजऱ्यातल्या नराच्या हिशेबाने यांनी पाय दुमडून पडून राहायला हवं. घरातली नसबंदी केलेली कुत्री खरोखर सुस्तावतात, जाडी होतात. ही नाहीत होत. भटकंती आणि मारामाऱ्या कमी झाल्यात, पण रात्री अकराला मच्छीवाली टोपली धुवायला येते तेव्हा सगळ्यांत म्हातारी काळी कुत्रीही दोन गल्ल्या ओलांडून वेळेवर हजर असते. तिला चाकाची गोडी लावणारं हॉर्मोन कुणी देत नाही. तिला बांगड्याचं डोकं मिळतं. प्रयोगशाळेत आम्ही उंदराच्या पिंजऱ्यात खाणं आयतं ठेवायचो आणि मग तो का धावतो, का धावत नाही, याचं कारण रक्तात शोधायचो. रक्तात कारण असतंच. पण त्या पिंजऱ्यात दुसरीकडे कुठे असण्याची सोयच आम्ही ठेवली नव्हती.

आणि हालचाल वाढली म्हणजे चांगलंच झालं, हे कुणी सांगितलं? आमच्या पहिल्या मजल्यावरच्या आजींची मांजर, मनी, चौदा वर्षांची. गेल्या वर्षी तिला अचानक तारुण्य फुटलं. रात्री दीड वाजता कपाटावरून पलंगावर उड्या. पडद्यांवर चढणं. दिवसातून पाच वेळा खाणं आणि त्यानंतर आजींच्या ताटाशी. आजी येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने सांगायच्या, "बघा, माझ्या हातचं दूध-पोळी खाऊन कशी झालीय." मनी दिवसेंदिवस वाळत चालली होती, त्याकडे आजी 'तरतरीत झालीय' म्हणून बघत होत्या.

मी त्यांना व्हेट मॅडमकडे घेऊन गेले. मांजरांचं कुत्र्यांच्या बरोबर उलट असतं. कुत्र्याचं थायरॉईड बिघडलं की बहुधा मंदावतं, म्हाताऱ्या मांजराचं बऱ्याचदा भडकतं. ग्रंथीत गाठ होते, बहुतेकदा साधीच, आणि ती थायरॉक्सिन ओतत राहते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी १९७९ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला, त्याआधी जगभरच्या आजींना आपली मांजर तरुण झाली असंच वाटत असणार. व्हेट मॅडमनी मनीच्या छातीला स्टेथोस्कोप लावून त्याची नळी आजींच्या कानात घातली. मिनिटाला २६० ठोके. आजींचा चेहरा उतरला. "एवढं धडधडतंय होय बाई तुझं," त्या मनीला म्हणाल्या.

थायरॉईड दाबणारी गोळी सुरू झाली. मूत्रपिंडाकडे लक्ष ठेवावं लागेल असं मॅडमनी आधीच सांगितलं होतं, कारण भडकलेलं थायरॉईड मूत्रपिंडाचा बिघाड झाकून ठेवतं. तपासण्या ठीक आल्या. दोन महिन्यांत मनीचं वजन वाढलं, ठोके १९० वर आले, अंगावरचे केस पुन्हा चमकायला लागले. ती आता दुपारभर खिडकीत झोपते, संध्याकाळी उठून थोडं खाते, आणि परत झोपते. चौदा वर्षांच्या निरोगी मांजराने जसं वागावं तसं.

आजी भयंकर नाराज आहेत. "तुझ्या त्या डॉक्टरणीने माझी मनी म्हातारी करून ठेवली," असं मला जिन्यात गाठून सांगतात. मागच्या तपासणीला त्यांनी मॅडमना सरळ विचारलं, गोळी अर्धी केली तर चालेल का, म्हणजे अगदी पूर्वीसारखी नको, पण जरा पळेल. मॅडमनी जुना आणि नवा रिपोर्ट शेजारी शेजारी ठेवून दाखवला. आजी म्हणाल्या, "आकडे ठीक आहेत हो. पण ती पडद्यावर चढायची ना."

गोळी पूर्णच चालू आहे. फाटलेले पडदे आजींनी अजून बदललेले नाहीत. सुनेने नवीन आणले होते, ते कपाटात घडी घालून ठेवलेत. म्हणतात, बघू, चढली एखादे दिवशी तर उगाच नवे कशाला खराब करा.